पंचवीस मिनिटांचं नांदेड

यवतमाळहून नांदेड पंचवीस मिनिटांवर आहे. हसू नका. मला हे ज्यानं सांगितलं, त्याच्या खांद्यावर सोनेरी पट्ट्या होत्या, डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि तो नुकताच आभाळातून खाली उतरला होता. असा माणूस खोटं कशाला बोलेल? नंतर मी स्वतः नांदेडला जाऊन आलो. जायला अख्खा दिवस गेला, अंगातली हाडं मोजून घ्यावी लागली. पण म्हणून पंचवीस मिनिटं खोटी ठरत नाहीत. ती वर, आभाळात, जशीच्या तशी आहेत. आम्ही खाली होतो एवढंच.

माझं दारव्ह्यात मंडप आणि भोंग्यांचं दुकान आहे. तालुक्यात लग्न असो, भागवत सप्ताह असो की सभा, आवाज दुसऱ्याचा आणि भोंगा माझा. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापसाला भाव नव्हता, पण जिल्ह्याला भलताच भाव आला होता. मोठमोठी माणसं विमानानं यायची, बांधावर उभी राहायची, कापसाचं बोंड हातात घेऊन फोटो काढायची आणि दिवस मावळायच्या आत परत उडून जायची. त्यांचा गहिवर माझ्या माइकमधून गावभर जायचा. ज्या घरचा माणूस गेलेला असे, त्या घरची बाई मात्र काही बोलायची नाही. तिच्यापुढं माइक नेला की ती पदर तोंडाला लावायची आणि मी हळूच बटण बंद करायचो. एवढी एक गोष्ट मला माझ्या धंद्यात नीट जमली.

अशाच एका पाहुण्यासाठी मी यवतमाळच्या धावपट्टीवर भोंगे लावायला गेलो होतो. सोबतीला देवरावभाऊजी होते. देवरावभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. दारव्ह्याच्या बाजारात मापारी, म्हणजे काट्यावर कापूस तोलणारे. गोदामं भरल्यामुळे खरेदी काही दिवस बंद होती आणि रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्यांना कधीच कळलं नाही, म्हणून ते माझ्याबरोबर वायर ओढायला आले होते.

आमची धावपट्टी चांगली आहे. काळी, लांब, सरळ. दोन्ही बाजूंना गवत आहे आणि गवतात गुरं आहेत. विमान यायचं असलं की आधी गुराख्याला निरोप जातो. त्या दिवशी पाहुणे गाड्यांमधून गावांकडे गेले आणि वैमानिक विमानाच्या सावलीत पेरू खात बसला. भाऊजी त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

“साहेब, अथून नांदेड किती जी?”

“हवाई रास्ते से?” वैमानिकानं पेरूचा घास गिळला. “अस्सी नॉटिकल मील के आसपास.”

भाऊजींनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “नॉटिकल मंजे किती किलो?”

मी वैमानिकाला म्हणालो, “इनको टाइम बताइए साहब, वजन का काम हम कर लेंगे.”

“पच्चीस मिनट, चाचा. ऊपर गए, चाय पी, नीचे आए.”

मी हसलो. भाऊजी हसले नाहीत. ते धावपट्टीच्या दक्षिणेच्या टोकाकडे बघत उभे राहिले. परतताना टेम्पोत, भोंग्यांच्या मधोमध बसून, त्यांनी मला हिशेब सांगितला.

“पाय बबन. सकायचा चहा घेतला अन् निघालो. यवतमायले विमानात बसलो. पंचवीस मिनिटं. पोरीपाशी घंटाभर बसलो, तिले पायलं, परत पंचवीस मिनिटं. दुपारच्या जेवनाले घरी.”

“अन् विमान कुठं हाये?”

“विमानतय तं हाये ना. अथंही हाये, नांदेडलेही हाये.”

“भाऊजी, नवरा तयार, नवरी तयार, मांडव माहा. भटजीच नाही तं लग्न कोन लावन?”

“तुले मजाक सुचते.” ते बाहेर बघू लागले. “मी तं एवढंच म्हनून राह्यलो, पोरीले भेटनंही झालं असतं अन् ताटाचा सवालही नसता आला.”

आता हा ताटाचा सवाल सांगायला हवा, नाहीतर पुढची सगळी वाट तुम्हाला उगाच लांब वाटेल. आमच्याकडे जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या सासरी जेवत नाहीत. आता ही रीत अनेकांनी सोडली आहे. माझ्यासारख्यांनी तर ती सोडायला निमित्तही शोधलं नाही. पण देवरावभाऊजी काट्याचे माणूस. सगळीकडे एकच माप. त्यांची एकुलती एक लेक नंदा नांदेडला दिलेली. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. सात वर्षांत भाऊजी तिच्याकडे दोनदा गेले, दोन्ही वेळा घरची शिदोरी घेऊन, आणि दोन्ही वेळा जेवणाच्या वेळी उठून स्टँडवर जाऊन शिदोरी सोडून बसले. सुमनताई दोन वर्षांपूर्वी गेली. तीही लेकीच्या घरचा घास न घेताच गेली.

म्हणून पंचवीस मिनिटं. दोन जेवणांच्या मध्ये बसणारं नांदेड.

दारव्हा

आठवडा गेला नसेल, शेजारच्या किराणा दुकानातून मला बोलावणं आलं. नंदाचा फोन होता.

“मामाजी, तुमच्या जावयाले सुरतेले काम भेटलं. पुढच्या हप्त्यात आमी बिऱ्हाड हालवून राह्यलो. बाबाले घेऊन या.”

“आनतो ना.”

“नुसतं भेटाले नाही.” दुकानातल्या तागडीचा आवाज मला ऐकू येत होता, तिच्याकडचा काहीच नाही. “एक डाव माह्या घरी जेवले पाह्यजेत. सुरतेले कोन येते मामाजी? कधी येतीन ते? माय तं तशीच गेली.”

मी भाऊजींना निरोपाचा पहिला अर्धा भाग दिला. दुसरा अर्धा खिशात ठेवला. भाऊजींनी लगेच दशम्या केल्या. ताई गेल्यापासून ते स्वतःच करतात, दुधात कणीक भिजवून, चांगल्या खमंग. जवसाची चटणी, गुळाचा खडा, कांदे. कापडी पिशवीला अशा गाठी मारल्या की मला वाटलं आम्ही नांदेडला नाही, वाळवंट ओलांडायला निघालो आहोत.

सकाळी स्टँडवर आलो. रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग. खरेदी पुन्हा सुरू होणार अशी आवई उठली होती, म्हणून रात्रीपासून गाड्या लागलेल्या. बैल रवंथ करत होते, गाडीवाले कापसावर गोधडी पांघरून पडले होते. त्यांतल्या एकानं भाऊजींना हाक मारली, “मापारीबुवा, काटा सोडून कुठं पयून राह्यले?”

“लेकीकडं जातो.”

“जा जा. आमी अथंच हावो. तुमी येऊन परत जासान तरी अथंच रावू.” रांगेत हशा पिकला.

दिग्रसची जीप सीट भरण्याची वाट बघत उभी होती. आमच्याकडे जीपमध्ये माणसं बसवत नाहीत, रचतात. मोठे खाली, मग मध्यम, मग फटींतून बारके. रचणं चालू असतानाच भाऊजींनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“आतालोक नांदेड आलं असतं.”

आमची जीप अजून स्टँडमध्येच होती.

दिग्रसच्या पुढे

दिग्रसला दुसरी जीप घेतली. पुसदच्या रस्त्यावर थोडं गेलो आणि तिच्या तोंडातून वाफ निघाली. ड्रायव्हरनं झाकण उघडून इंजिनाकडे असं बघितलं, जसं सासू नव्या सुनेच्या पहिल्या पोळीकडे बघते. मग तो पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. रस्त्याच्या कडेला बंजाऱ्यांचा तांडा होता. एका घरापुढं एक म्हातारा बाजेवर ऊन खात बसला होता. त्यानं आम्हाला हातानंच बोलावलं.

कुठले, कुणीकडचे, हे होईपर्यंत आतून त्याच्या म्हातारीनं दोन ताटल्या आणल्या. ज्वारीची गरम बाटी, म्हणजे त्यांच्या बोलीत भाकर, अंबाडीची भाजी आणि वर तेलाची धार. हातभर हस्तिदंती बांगड्या घातलेल्या त्या हातानं वाढलं की नाही म्हणायची सोय नसते. भाऊजी मनापासून जेवले. अंबाडीची भाजी ताईनंतर त्यांना कोणी करून घातली नव्हती. जेवता जेवता मी, माझी जीभच तशी, सगळी हकिगत सांगून टाकली. लेक, सात वर्षं, दशम्या, रीत.

म्हातारा हसायला लागला. “मंजे आमची बाटी गळ्याखाली उतरते अन् पोरीची आडकते?”

भाऊजी म्हणाले, “तसं नाही बाबा. रीत हाये. दिलेल्या लेकीचं घेत नाही.”

म्हातारी उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, “आमच्यात पोरगी भेटली का आमी गळ्यात पडून रडतो. मोठ्यानं, गानं म्हनून रडतो. समदा तांडा आयकते. कोन मेलं, कोन जलमलं, किती दिस याद आली, समदं त्या रडन्यात सांगतो. मंग डोळे पुसतो, मंग जेवतो.” तिनं भाऊजींच्या ताटलीत आणखी अर्धी बाटी टाकली. “तुमी जेवत बी नाई, रडत बी नाई. मंग लेकीपाशी जाऊन करता काय?”

ती अर्धी बाटी भाऊजींनी सावकाश संपवली.

ड्रायव्हर पाणी घेऊन आला. निघताना म्हातारीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “तुमी मामा ना? मंग तुमीच काही करा. मामा कायले असते?”

मी छाती फुगवून म्हणालो, “याडी, मी हावो ना.” याडी म्हणजे आई. पण काय करायचं हे मला मुळीच माहीत नव्हतं.

पुसद

पुसदच्या स्टँडवर उमरखेडची एसटी लागायला वेळ होता. भाऊजींनी पिशवी बाकावर ठेवली आणि ते नळावर गेले. मी पिशवीवर लक्ष ठेवून होतो. अगदी डोळ्यात तेल घालून. एवढ्यात समोर एक औषधविक्या आला. गळ्यात छोटा भोंगा, हातात कसल्याशा मुळ्या, आणि काय आवाज! “दाढदुखी, कानदुखी, सासूदुखी!” मी त्या आवाजाच्या दर्जाकडे फक्त व्यवसाय म्हणून बघायला वळलो.

परत वळलो तेव्हा बाकावर एक काळी बकरी पुढचे पाय टेकून उभी होती. गाठी तिनं सोडल्या नव्हत्या, कापडासकट खाल्ल्या होत्या. दशम्या संपल्या होत्या. ती गुळाच्या खड्यावर होती.

भाऊजी ओल्या तोंडानं आले आणि नुसते बघत राहिले. मी हात जोडून बकरीला म्हणालो, “बाई, आपन या प्रसंगी दोन शब्द बोलावे अशी मी विनंती करतो.” आजूबाजूचे पोट धरून हसले. बकरीची मालकीण शिव्या देत आली, त्याही बकरीला नाही, आम्हाला. गूळ खाल्ल्यानं तिच्या बकरीचं दूध बिघडतं म्हणे.

भाऊजी बाकावर बसले. “आता मी नांदेडले काय खाऊ बबन?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. रीत पाळायची तरी तिला सामान लागतं, आणि ते सामान बकरीच्या पोटात गेलं होतं.

“नांदेडात हॉटेलं हायेत.”

“पोरीच्या गावात हॉटेलात खाऊ? लोक काय म्हनतीन?”

म्हणजे हाही दरवाजा बंद. त्यांनी चार केळी घेतली आणि मांडीवर जपून ठेवली.

पैनगंगेच्या पलीकडे

उमरखेडपर्यंत सागाचं रान आहे. हिवाळ्यात सागाची पानं तांबूस होऊन खडखडतात आणि एसटी घाटातून खाली उतरताना रानच आपल्याबरोबर उतरतं आहे असं वाटतं. आमच्याकडून नांदेडला जाताना जे काही बघण्यासारखं आहे ते इथंच. विमानातल्या माणसाला ते दिसत नाही, याचं मला थोडं बरं वाटलं. आपल्याकडे काहीतरी हवं ना.

उमरखेड सोडलं, नदी आली. पैनगंगेचं पाणी त्या दिवसांत पुलाखाली एका कडेला सरकून निळं पडलेलं असतं, बाकी सगळी वाळू. अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. पुलाच्या अलीकडे माणूस ‘का’ऐवजी ‘काहून’ विचारतो, पलीकडे ‘कामून’ विचारतो. उत्तर दोन्हीकडे कोणी देत नाही.

पुलावर भाऊजींनी खिडकीतून मान बाहेर काढून वर बघितलं. फार उंचावर एक विमान पांढरी रेघ ओढत चाललं होतं.

“ते नांदेडचं तं नसन?”

“नाही भाऊजी. ते मोठ्या गावाहून मोठ्या गावाले जाते. आपल्यावरून जाते नुसतं.”

रेघ विरघळेपर्यंत ते बघत राहिले. मग अचानक म्हणाले, “तुही ताई मागच्या डावाले गेलती ना नंदाकडं, एकटी? तवा शेजारनीच्या चुलीवर रांधून खाल्लं तिनं. नंदा बाजूले बसून होती. ताईनं पीठ घरून नेलं होतं, तेल नेलं होतं. मीठ इसरली. नंदानं घरून मीठ आनून देल्लं.” एसटीच्या खडखडाटात मला कान जवळ न्यावा लागला. “घरी आली तं मले म्हने, मी पोरीचं मीठ खाल्लं. भीत भीत सांगत होती. मी काही बोललो नाही. चालते, एवढं तरी म्हनाले पाह्यजे होतं ना मी?”

मी त्यांना एक केळ सोलून दिलं.

नांदेड

पोचलो तेव्हा दिवे लागायला आले होते. नंदाचं घर जुन्या नांदेडात, दोन खोल्यांचं. अर्धं सामान पोत्यांत भरलेलं, भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. जावई सुरतेला आधीच गेला होता, खोली बघायला. घरात नंदा आणि तिची सासू. नंदा दारात आली, वाकली, बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “वाळली वं तू.” झालं. सात वर्षांचं एवढंच.

चहा झाला. चहा चालतो, तो पिण्यात जमा होतो, हा भाऊजींचा जुना निवाडा आहे. मग आतून वास यायला लागला. वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, तव्यावरची भाकर. आमच्या घरचा वास, परक्या गावात. भाऊजी वासाकडे पाठ करून बसले.

नंदानं दोन ताटं आणून ठेवली. एक माझ्यापुढं. दुसरं बापापुढं.

भाऊजी ताटाला नमस्कार करून म्हणाले, “मले भूक नाही वं. रस्त्यानं लय खाल्लं.”

तिची सासू कोपऱ्यातून म्हणाली, “ओ व्याही, कामून असं करता? सहा महिन्यांचं लेकरू बी ताटाकडं हात नेतंय. तुम्ही हात मांडीखाली घालून बसलाव.” बाई प्रेमळ होती, पण तिच्याकडून तो शब्द निसटला. लेकरू. निसटल्यावर तिनं स्वतःच जीभ चावली.

नंदानं ताट उचललं आणि आत नेलं. भाकरीचा वाफाळता पापुद्रा जाताना मला दिसला. मामाला ही रीत लागत नाही, म्हणून मी जेवलो. चव इतकी घरची होती की घास गिळताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. भाऊजींनी उरलेली केळी खाल्ली, ओट्यावर जाऊन, अंधाराकडे तोंड करून.

सकाळी ते अंघोळीला गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो. नंदा कणीक मळत होती.

“मामाजी, बाबा जेवत नाही याचं दुख नाही मले.” हात थांबले नाहीत. “पन ते ताट सरकवते ना, तवा पुऱ्या घराले आयकू जाते का हिले पोर नाही. कोनी काही म्हनत नाही. ते ताटच म्हनते.”

मी म्हणालो, “मी सांगतो त्याईले.”

“नोका सांगू. ऐकतीन ते, पन मग मन मारून जेवतीन. तसं नाही पाह्यजे मले.”

एवढ्यात शेजारच्या जसबीर काकू दारात आल्या. डोक्यावरून ओढणी, हातात कडं, आणि मराठी माझ्यापेक्षा चोख. “चल ग नंदा, उशीर होतोय. आज शेवटची सेवा तुझी.”

तेव्हा मला कळलं. नंदा गेली चार वर्षं जसबीर काकूंबरोबर गुरुद्वाऱ्यात जात होती. लंगरमध्ये फुलके लाटायला, वाढायला. मी नंदाकडे बघितलं. नंदानं माझ्याकडे बघितलं. आम्ही मामा-भाचीनं तिच्या लहानपणी ताईच्या डब्यातले लाडू ज्या नजरेनं पळवले होते, तीच ही नजर. एक शब्द बोलावा लागला नाही.

“तुमी फक्त घेऊन या,” ती म्हणाली आणि कणीक झाकून निघाली.

भाऊजींना दुपारची एसटी धरायची होती. मी म्हणालो, नांदेडला येऊन गुरुद्वारा न बघता गेलो तर दारव्ह्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ते तयार झाले. दारात पाय धुतले, डोक्याला रुमाल बांधले. मला केशरी रुमाल मिळाला आणि त्यात मी कोणत्याही लग्नातल्या वरबापापेक्षा रुबाबदार दिसत होतो, हे नमूद करतो. थंडगार संगमरवर, सोनेरी कळस, आणि पेटीवर चाललेलं भजन. ध्वनियंत्रणा अशी स्वच्छ की मी दोन्ही हात जोडले ते अर्धे देवाला, अर्धे त्या भोंगेवाल्याला.

दर्शन झाल्यावर लोकांचा लोंढा जिकडं जात होता तिकडं मी त्यांना नेलं. लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या. ट्रकवाले, शाळेची पोरं, यात्रेकरू, भिकारी, सगळे मांडीला मांडी लावून.

“हे काय होय?” भाऊजी थांबले.

“परसाद. नाही म्हनता येत नाही इथं.”

ते कालपासून केळ्यांवर होते. बसले. ताट आलं, डाळ आली, भाजी आली. मी रांगेच्या टोकाकडे बघत होतो. नंदा फुलक्यांची टोपली घेऊन येत होती, डोकं ओढणीनं झाकलेलं, खाली बघत, एकेकाला देत. भाऊजींनी तिला बघितलं नाही. पंगतीत वाढणाऱ्याचा चेहरा कोणी बघत नाही, हात बघतात. ते ताटाच्या कडेला बोट टेकवून, भाकर ताटात पडायची वाट बघत बसले होते.

त्यांच्या शेजारचे म्हातारे सरदारजी म्हणाले, “असं नाही, बाबाजी. ताटात नाही घेत. दोन्ही हात पुढं करा.”

भाऊजींनी ओंजळ केली आणि वर बघितलं.

ओंजळ तशीच राहिली. या माणसानं बाजारात, घरात, दुष्काळात कोणापुढं हात पसरलेला मी पाहिला नव्हता. आता त्यांचे दोन्ही हात पुढं होते आणि समोर लेक उभी होती. नंदाच्या हातात फुलका, तिनं तो धरून ठेवला होता, सोडत नव्हती. मागचा डाळीची बादलीवाला थांबला. माझी सगळी मिश्किली कुठं गेली कोण जाणे.

तिच्यावरची नजर न काढता भाऊजींनी सरदारजींना विचारलं, “हे घर कोनाचं होय जी?”

“गुरूचं.”

“अन् हे वाढनारे?”

“ते पण पाहुणे. आपण सगळे पाहुणे.”

काटा हलायचा थांबेपर्यंत भाऊजी जसे थांबतात, तसे थांबले.

“दे, माय,” ते म्हणाले.

फुलका ओंजळीत पडला. त्यांनी त्याचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला, खाल्ला. नंदा पुढच्या माणसाकडे गेली, कारण तिथं थांबता येत नाही, रांग मोठी असते. पण तिची टोपली त्या रांगेत पुन्हा पुन्हा येत राहिली आणि प्रत्येक वेळी ओंजळ तयार होती. मी आधी उठलो. ट्रकवाले उठले, शाळेची पोरं उठली, नवी पंगत बसली. भाऊजी जागचे हलले नाहीत.

शेवटी ते उठले ते थेट भांडी घासायला बसले, बाह्या वर करून, राखेत कोपरापर्यंत. मी जाऊन म्हणालो, “भाऊजी, एसटी.”

“जाऊ दे.”

नंदा रिकामी टोपली घेऊन मागे येऊन उभी राहिली होती. ओढणीच्या टोकानं तोंड पुसत होती, नुसतंच पुसत होती. भाऊजींनी ताट विसळता विसळता शेजारी ताटं घासायला बसलेल्या त्याच सरदारजींना विचारलं, “संध्याकायचं कधी असते जी?”

“इथली चूल विझत नाही, बाबाजी.”

त्यांनी मान हलवली. मग मागे न वळता, ओल्या ताटाकडे बघत, चांगल्या मोठ्या आवाजात, भोंग्याशिवाय अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, “नंदे, संध्याकायी येजो वं. अन् जरा जाड लाटजो. लय पातय होते फुलके.”